ओकमाँट, शिनेकॉक आणि नागपूरचा मे महिना: मेजरचं दडपण तयार कुठे होतं?

नागपूरच्या एका १७ वर्षांच्या गोल्फ खेळाडूने तीन प्रश्न विचारले आहेत. २०२५ ची यूएस ओपन, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी (मेजरपैकी) एक, त्याने पहाटेपर्यंत जागून पाहिली. अमेरिकेतल्या ओकमाँट कोर्सवर चार दिवसांअखेर एकटा जे. जे. स्पॉन पारच्या (ठरलेल्या फटक्यांच्या) खाली राहिला, तोही एकाच फटक्याने, आणि बाकी सगळी दुनिया पारच्या वर. हे त्याला पचलेलं नाही. तो विचारतो: आयोजक कोर्स मुद्दाम बिघडवतात का? की एवढे मोठे खेळाडूही दडपणाने चुकतात? आणि नागपुरात राहून अशा कोर्सची तयारी करता येते का?

मी गवतातला माणूस. विदर्भाच्या उन्हात ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत, जिवंत ठेवणं हे माझं आयुष्यभराचं काम, आणि जोडीला मुलांना पटिंग, म्हणजे ग्रीनवरून चेंडू भोकात घरंगळवणं, शिकवणं. त्यामुळे माझं उत्तर जमिनीच्या बाजूने येणार. तू कोर्स आणि दडपण या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या आहेस. मला इतक्या वर्षांत त्या वेगळ्या दिसलेल्या नाहीत. मेजरमध्ये दडपण कोर्सच्या आतच तयार केलेलं असतं, आणि ते तयार करायचं मुख्य साधन आहे पाणी. किती दिलं, कधी दिलं आणि किती दिलं नाही.

आधी लांबीचा विषय बाजूला काढू, कारण टीव्हीवर सगळ्यात जास्त चर्चा तिचीच होते. २०१७ ची यूएस ओपन एरिन हिल्सवर झाली. कोर्स ७,७०० यार्डांपेक्षा लांब होता. पाऊस पडून ग्रीन मऊ झाली आणि ब्रुक्स कोएप्का १६ अंडर (पारपेक्षा १६ फटके कमी) खेळून जिंकला. ओकमाँट त्यापेक्षा बरंच आखूड, पार ७०, आणि तिथे १ अंडरला कप मिळाला. लांब मारणं आजच्या खेळाडूला जड जात नाही. मारलेला चेंडू थांबवणं जड जातं. (२०१३ चं मेरियन हा याला अपवाद म्हणता येईल: पावसाने मऊ झालेला आखूड कोर्स, तरी जस्टिन रोझ १ ओव्हरवर जिंकला. तिथे काम अरुंद फेअरवेने, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्याने, आणि दाट रफने, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवताने, केलं.)

आता ग्रीनचा वेग. तो मोजायचं साधन ओकमाँटमुळेच जन्माला आलं. १९३५ ची यूएस ओपन तिथेच होती. एडवर्ड स्टिम्पसन नावाचा हौशी खेळाडू प्रेक्षकांत होता. जीन सॅराझनचा पट ग्रीनवरून घरंगळत बाहेर गेलेला त्याने पाहिला आणि हा वेग मोजता आला पाहिजे असं त्याच्या मनाने घेतलं. त्या वर्षी चार फेऱ्या मिळून ३०० फटक्यांच्या आत फक्त सॅम पार्क्स आला, २९९ वर. स्टिम्पसनने बनवलेली पट्टी पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने अ‍ॅल्युमिनियममध्ये आणली. तीन फुटांची पट्टी, एका टोकाजवळ खाच, खाचेत चेंडू ठेवायचा आणि ते टोक हळूहळू उचलायचं. साधारण २० अंशाला चेंडू आपोआप सुटतो. सपाट जागा बघून तीन चेंडू इकडून, तीन तिकडून सोडायचे आणि सरासरी काढायची. चेंडू १० फूट गेला तर वेग १०. आपल्याकडच्या बहुतेक क्लबांवर ८ ते १० म्हणजे चांगलं ग्रीन. यूएस ओपनला हा आकडा १३-१४ च्या घरात असतो.

दहावरून चौदा म्हणजे चेंडू चाळीस टक्के जास्त जाणार, असं तुला वाटेल. सपाटीवर ते बरोबर आहे. पण ग्रीन सपाट कुठे असतं? कागद-पेन्सिल घेऊन बस. शंभर फुटांत तीन फूट उतार धर, डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढा. त्या उतारावरून खाली जाणारा पट १० च्या ग्रीनवर जिथे थांबेल, त्याच जोराचा पट १४ च्या ग्रीनवर जवळजवळ दुप्पट अंतर जाईल. गवताचा विरोध कमी झाला, उताराची ओढ तेवढीच राहिली, म्हणून. उतार अजून थोडा वाढव, चेंडू थांबतच नाही. ओकमाँटची ग्रीन मुळातच उताराची, काही तर पुढून मागे कललेली. सहा फुटांचा पट खाली मारायचा आणि चुकला तर परतीचा नऊ फुटांचा समोर उभा, हे ज्याला ठाऊक आहे त्याचा हात मोकळा कसा सुटेल? इथे दडपण सुरू होतं. ते खेळाडूच्या डोक्यात शिरण्याआधी ग्रीनमध्ये होतं.

वेग एकटा मात्र कुणाला मारत नाही. वेग, कडकपणा आणि रफ एकत्र आले की साखळी पूर्ण होते. ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) दहा यार्ड भरकटला, चेंडू पाच इंच रफमध्ये. तिथून मारताना क्लबचा (काठीचा) चेहरा आणि चेंडू यांच्यामध्ये गवत येतं, चेंडूला फिरकी मिळत नाही. फिरकी नाही तर तो कडक ग्रीनवर टप्पा पडल्यावर थांबत नाही. मग ग्रीनच्या अलीकडे टाकायचा, की बाजूच्या बंकरचा (वाळूच्या खड्ड्याचा) धोका घ्यायचा, की नुसता फेअरवेवर काढून पार विसरायचा? मऊ कोर्सवर हा प्रश्नच पडत नाही. रफमधून मारलं तरी चेंडू ग्रीनवर रुतून बसतो. मेजरच्या कोर्सवर प्रत्येक फटक्याला असा निर्णय घ्यावा लागतो आणि चार दिवसांत असे शे-दोनशे निर्णय साठत जातात. रविवारी दुपारी जो कोसळतो तो बऱ्याचदा त्या एका फटक्याने कोसळत नाही. निर्णय घेऊन घेऊन तो आधीच दमलेला असतो.

तर, मुद्दाम बिघडवतात का? माझं मत स्पष्ट आहे: कठीण करतात, आणि ते करायलाच हवं. काही वेळा हात जास्त पडतो आणि बिघडतं. नागपूरकराला हे समजवायला लांब जावं लागत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये जामठ्यावर दक्षिण आफ्रिका ७९ वर गुंडाळली गेली, कसोटी तीन दिवसांत आटोपली आणि आयसीसीने खेळपट्टीला 'पुअर' शेरा दिला. त्याआधी २००४ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर हिरवीगार खेळपट्टी निघाली आणि ऑस्ट्रेलियाने ३४२ धावांनी आपल्याला हरवलं. दोन्ही वेळा गावभर एकच वाद: खेळपट्टी कठीण होती की अन्यायाची? माझी कसोटी साधी आहे. उत्तम फटक्याला उत्तम फळ मिळत असेल तर ती कठीण. उत्तम आणि वाईट फटक्याचं फळ एकच यायला लागलं की ती बिघडली.

गोल्फमध्ये हे यूएस ओपनच्या वेळी शिनेकॉक हिल्स या अमेरिकन कोर्सवर दोनदा घडलं. २००४ ला रविवारी सातव्या होलचं (कोर्सच्या अठरा भागांपैकी एकाचं) ग्रीन इतकं वाळलं होतं की चांगला मारलेला चेंडूही त्यावर टिकेना. शेवटी दोन गटांच्या मधे पाइप लावून पाणी मारावं लागलं. त्या दिवशी एकही खेळाडू पारच्या खाली आला नाही, सरासरी स्कोअर ७८.७ होता. रेटिफ गूसन ७१ खेळला आणि जिंकला. माझ्या लेखी ती पटिंगची फेरी मेजरच्या इतिहासातल्या सर्वोत्तम फेऱ्यांपैकी आहे, कारण एकेका पटला तो पुढच्या पटची जागा बघून मारत होता.

२०१८ ची गोष्ट तर प्रत्येक ज्युनियरने अभ्यासावी. शनिवारी सकाळी टोनी फिनाऊ आणि डॅनियल बर्गर आघाडीपासून ११ फटके मागे होते. लवकरची वेळ, ग्रीनमध्ये अजून ओल, वारा कमी. दोघेही ६६ खेळले. दुपारी वारा सुटला, ऊन लागलं, ग्रीन तासागणिक कोरडी होत गेली. त्या कोर्सवर आघाडीचे खेळाडू मागे सरकत राहिले आणि संध्याकाळी फिनाऊ-बर्गर आघाडीत बरोबरीवर. कोर्स तोच, भोकांच्या जागा त्याच, फरक ओलीचा आणि वाऱ्याचा. त्याच दुपारी १३ व्या ग्रीनवर फिल मिकेलसनने खाली पळत जाणारा चालता चेंडू धावत जाऊन उलटा मारला, दोन फटक्यांचा दंड घेतला आणि त्या होलवर १० लिहिले. इतक्या मुरलेल्या माणसाला असं करावंसं वाटलं, यावरून त्या ग्रीनने काय केलं होतं ते समजून घे. रविवारी आयोजकांनी ग्रीनला पाणी दिलं, भोकांच्या जागा सोप्या केल्या, आणि टॉमी फ्लीटवूड ६३ खेळला. एका रात्रीत.

हे पाणी राखणं म्हणजे काय, ते नागपूरच्या मे महिन्यातून सांगतो. नवतपा लागलेला असतो, पारा पंचेचाळीसच्या पुढे. दुपारी दोनला ग्रीनवर चालून मागे वळून बघायचं. गवत ताजं असेल तर पावलाखाली दबलेली पाती लगेच उठतात. पाऊल उमटून तसंच राहिलं, पात्याचा रंग हिरव्यावरून निळसर-करडा झाला, की गवताने तहान लागल्याचं सांगितलं समज. पण तेव्हाही पूर्ण ग्रीनला पाणी द्यायचं नसतं. दोन काट्यांचं ओल मोजायचं यंत्र दर दोन-तीन पावलांवर खुपसून बघायचं, आणि हातात पाइप घेऊन फक्त त्या सुकलेल्या चट्ट्यावर बारीक फवारा मारायचा, पातं थंड होईल एवढाच. मुळापर्यंतचं पाणी रात्री किंवा पहाटे. जास्त दिलं की ग्रीन मऊ पडतं, बुरशी धरते, चेंडूचे खड्डे पडतात. कमी दिलं आणि तास-दीड तास लक्ष नसलं, तर तो चट्टा मरतो आणि भरून यायला महिना-दीड महिना. आपल्याकडे हरळीच्या जाती आहेत, त्या सोशिक. मास्टर्स ही मेजर जिथे होते त्या ऑगस्टाची ग्रीन बेंटग्रासची, थंड हवेतलं गवत जॉर्जियाच्या उष्म्यात वाढवलेलं. म्हणून तर तिथे ग्रीनखाली पाइप घालून हवा सोडणारी आणि ओल शोषून घेणारी यंत्रणा बसवली आहे आणि उन्हाळाभर कोर्स बंद ठेवतात. मेजरच्या आठवड्यात ग्रीन मरणाच्या अलीकडे, पण अगदी कडेवर ठेवलेलं असतं. पाती तीन मिलिमीटरच्या आसपास कापलेली, दिवसातून दोनदा मॉवर, वर रोलर. त्या कडेवर ते चार दिवस धरून ठेवणाऱ्या माणसाचं नाव टीव्हीवर कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. देशोदेशीचे ग्रीनकीपर स्वयंसेवक म्हणून तिथे जातात, पहाटे अंधारात काम सुरू करतात, आणि वारा थोडा जरी जास्त सुटला तरी दोष त्यांच्याच माथी.

वाऱ्याचंही एक सांगून टाकतो. समुद्राकाठच्या ब्रिटिश कोर्सवर ग्रीन मुद्दाम हळू ठेवतात. इतकं करूनही २०१५ च्या ओपनला (ब्रिटनमधली मेजर) सेंट अँड्र्यूजवर शनिवारी वाऱ्याने थांबलेले चेंडू हलायला लागले, खेळ दहा तासांहून जास्त थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली. तिथे कुणी १४ चा वेग मागत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, खेळाडूच्या आतला. दडपणाखाली शरीर काय करतं हे ग्रीनच्या कडेला उभं राहून दिसतं. मूठ आवळते, बॅकस्विंग आखूड होतो, खाली येताना घाई होते. पटच्या वेळी डोकं आधी उठतं. चेंडूजवळ उभं राहण्याचा वेळ एक तर दुप्पट होतो किंवा निम्मा. सरावाने बसलेली लय बदलली की समजायचं, मन फटक्यावर नाही, परिणामावर आहे. आणि परिणामाची भीती दाखवणारा कोर्सच असतो. २०१६ च्या मास्टर्सला जॉर्डन स्पीथ नऊ होल उरले असताना पाच फटक्यांनी पुढे होता. बाराव्या होलवर, जेमतेम १५५ यार्डांच्या पार तीनवर, दोन चेंडू पाण्यात घालून तो ७ वर गेला. पाणी पुढे, बंकर मागे, ग्रीन आडवं आणि चिंचोळं. इतर कुठल्याही मैदानावर तो फटका त्याने डोळे मिटून मारला असता. १९९९ च्या ओपनला कार्नूस्टीवर ज्याँ व्हॅन द व्हेल्डला शेवटच्या होलवर डबल बोगीसुद्धा (पारपेक्षा दोन फटके जास्त) पुरली असती. त्याने ७ लिहिले आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला, जो दिवसाच्या सुरुवातीला १० फटके मागे होता. लोक व्हॅन द व्हेल्डला वेडा म्हणतात. मला ते पटत नाही. अरुंद फेअरवे, गुडघ्याला लागणारं गवत आणि ग्रीनपुढे ओढा, यात चार दिवस घालवलेल्या माणसाचा तो निर्णय होता.

उलट उदाहरणं मात्र जास्त शिकवतात. २०१६ ला ओकमाँटवरच पाचव्या ग्रीनवर डस्टिन जॉन्सनचा चेंडू किंचित हलला. सोबतच्या पंचाने दंड नाही म्हटलं, आणि बाराव्या होलच्या टीवर (सुरुवातीच्या जागेवर) अधिकारी येऊन म्हणाले की फेरी संपल्यावर पुन्हा बघू, दंड लागू शकतो. आपला स्कोअर नक्की किती हे माहीत नसताना तो उरलेले होल खेळला, दंड लागला, तरी तीन फटक्यांनी जिंकला. असा चेंडू हलतो तो ग्रीन काचेसारखं केलेलं असतं म्हणून. पुढच्या जानेवारीपासून ग्रीनवर चुकून चेंडू हलल्याचा दंडच काढून टाकला. आणि तू पाहिलेला स्पॉन: पहिल्या सहा होलांत पाच बोगी, मग पावसाने दीड तासावर खेळ थांबला. परतल्यावर ग्रीन आधीपेक्षा मऊ होती, फेअरवे चिंब. सॅम बर्न्सला १५ व्या होलवर पाण्याने भिजलेल्या जागेतून खेळावं लागलं, त्याने मागितलेली सवलत अधिकाऱ्यांनी दिली नाही, तिथे डबल बोगी झाली आणि त्याची फेरी ७८ वर संपली. स्पॉनने १७ व्या होलचं ग्रीन एका फटक्यात गाठलं आणि १८ व्यावर ६४ फुटांचा पट घातला. तो पट पुन्हा बघ, पण चेंडूकडे नको, हाताकडे बघ. त्याला दोन पटही पुरणार होते, म्हणून हात मोकळा होता.

राहिला नागपूरचा प्रश्न. तयारी होऊ शकते, आणि आपल्या हवेत तर फार चांगली होऊ शकते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, फेअरवे भाजून निघतो, चेंडू टप्पा पडल्यावर तीस-चाळीस यार्ड पळतो. मुलं कंटाळतात, मे महिन्यात क्लब कपाटात ठेवतात. तू तसं करू नकोस. पहाटे साडेपाचला ये, आठच्या आत घरी जा, पाण्याची बाटली विसरू नको. त्या अडीच तासांत ग्रीनवर थेट चेंडू टाकायचाच नाही असं ठरव. सेव्हन आयर्न हा क्लब घे, अलीकडे टाक आणि पळव. ओपन खेळणारी मंडळी समुद्राकाठी हेच करतात. पावसाळ्यात ओल्या रफमधून मार आणि कोणता चेंडू फिरकीशिवाय सुसाट सुटतो, कोणता गवतात अडकतो, हे खेळण्याआधी ओळखायला शिक. साचलेल्या पाण्यातून सवलत कधी मिळते तो नियमही तेव्हाच पाठ होतो. डिसेंबर-जानेवारीत हरळीची वाढ मंदावते, ग्रीन त्यातल्या त्यात वेगवान होतं. स्पर्धेआधीचं पटिंग त्या दिवसांत करून घे.

चौदाचा वेग नागपुरात मिळणार नाही. पण घरातली फरशी आहे. गुळगुळीत फरशीवर चेंडू दहा फुटांवरच्या नाण्याजवळ नेऊन थांबवायचा, नाण्याच्या पुढे एक वीत गेला तरी बाद. हाताला हलकेपणा याने येतो. ग्रीनवर गेलास की वरून खाली येणारे चार फुटांचे पट मार, आणि प्रत्येक पटच्या आधी तोंडाने सांग की हा चुकला तर चेंडू कुठे थांबेल. सांगता आलं नाही तर मारू नको. सरावाला खिशात एकच चेंडू ठेव. दुसरा चेंडू मारायची मुभा असली की दडपण तयारच होत नाही, मग त्याचा सराव कसा होणार?

आपली माणसं तिथे पोहोचली आहेत. जीव मिल्खासिंग २००८ च्या पीजीए चॅम्पियनशिप या मेजरला नवव्या स्थानी बरोबरीत होता, अनिर्बान लाहिरी २०१५ ला त्याच स्पर्धेत पाचव्या, शुभंकर शर्मा २०२३ च्या ओपनला आठव्या. हे सगळे हरळीवर वाढलेले खेळाडू आहेत.

अजून एक. सकाळी पाणी मारणाऱ्या माळीदादांशी बोलत जा. हरळीचं पातं कुठल्या बाजूला झुकलंय, चमकदार दिसतंय तिकडे पट पळतो आणि गडद दिसतंय तिकडे अडतो, हे ते तुला बोटाने दाखवतील. काल कोणत्या ग्रीनला पाणी कमी मिळालं, तेही विचार. त्या ग्रीनवर त्या दिवशी अ‍ॅप्रोच (ग्रीनकडे मारायचा फटका) पाच-सात यार्ड अलीकडे टाकून बघ आणि चेंडू किती पळाला ते वहीत लिहून ठेव.